झुकतं माप

सामना हरलेला खेळाडू एक वेळ गप्प बसतो. फार तर टीममधल्या बाकीच्यांना शिव्या घालतो आणि पुन्हा खेळायला उतरतो. पण मिळालेल्या बुटांना नको ती अ‍ॅबिलिटी चिकटली की तो लिहायला बसतो, आणि सविस्तर लिहितो. पुण्यात, बाणेरच्या एका गेम स्टुडिओत मी टेस्टर म्हणून लागले तेव्हा अशा तक्रारी वाचून त्यांची वर्गवारी करणं हा माझ्या कामाचा भाग होता. कुणाची खात्री असायची की सर्व्हर आपल्याला ओळखतो आणि मुद्दाम छळतो. कुणाच्या मते पैसे खर्चणाऱ्यांनाच चांगलं मिळतं. एकानं तर तारीख-वेळ टाकून वही ठेवली होती आणि तिचे फोटो जोडले होते. मला त्या वहीचं फार कौतुक वाटलं. आमच्याकडेही इतकी नीट नोंद नव्हती.

खेळ परदेशी कंपनीचा होता आणि काम आमच्याकडे बाहेरून आलेलं. गोपनीयतेच्या करारावर सही केलेली असल्यामुळे नाव सांगता येत नाही. सांगण्यासारखं एवढंच, की तो ऑनलाइन शूटर होता. डोक्यावर, अंगात आणि पायात घालायच्या वस्तू मिळायच्या, आणि त्या प्रत्येक वस्तूला काही अ‍ॅबिलिटी दैवयोगानं चिकटायच्या. मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलेली. टेस्ट लीडनं पहिल्याच आठवड्यात विचारलं, “तुला स्टॅट्स येतं ना? मग गिअर तुझं.” बाकीच्यांना बंदुका, नकाशे, गाड्या असली झगमगती कामं. माझ्या वाट्याला आकड्यांचा तक्ता.

आमच्या खेळाबद्दल बोलता येत नाही, पण हे सगळं मी जिथे खऱ्या अर्थानं शिकले त्या खेळाबद्दल येतं. ऑफिसात एकाकडे परदेशातून आणलेला निन्टेन्डो स्विच होता. जेवणानंतर त्यावर ‘स्प्लॅटून’ चालायचा. जपानी खेळ. पहिला भाग 2015 मध्ये आला, दुसरा 2017 मध्ये आणि तिसरा 2022 मध्ये. यात गोळ्या नाहीत, रक्त नाही. चार विरुद्ध चार पोरंटोरं एकमेकांवर आणि जमिनीवर रंग उडवतात. मनात आलं की माखली होऊन स्वतःच्याच रंगात बुडी मारतात आणि सुळ्ळकन पोहत जातात. तीन मिनिटांत ज्यांनी जास्त जमीन रंगवली ते जिंकले. बघणाऱ्याला हा पोरखेळ वाटतो. कपड्यांच्या कप्प्यात शिरलात की मात्र बँकेत बसल्यासारखं वाटतं.

टोपी, सदरा, बूट. प्रत्येकाला एक मुख्य अ‍ॅबिलिटी आणि तीनपर्यंत उप. मुख्य अ‍ॅबिलिटीचं वजन 10, उपचं 3. म्हणजे सगळे कप्पे भरले तर मुख्य तीनांचे 30 आणि उप नऊंचे 27, एकूण 57. मुख्य अ‍ॅबिलिटी कपड्यासोबतच ठरलेली येते, दुकानात दिसते. उपच्या जागी आधी नुसतं प्रश्नचिन्ह असतं. तो कपडा घालून खेळत राहायचं, अनुभवाचे गुण साठले की एकेक कप्पा उघडतो आणि त्यात काय निघेल ते नशिबावर. निघू शकतात अशा चौदा गोष्टी: पोहण्याचा वेग, पळण्याचा वेग, शाई कमी लागणं, मेल्यावर लवकर परत येणं, खास हत्यार लवकर भरणं वगैरे. एकाच अ‍ॅबिलिटीचे थर चढवत गेलं तर प्रत्येक पुढच्या थराचा उपयोग आधीच्यापेक्षा कमी होतो. त्यामुळे मुरलेले खेळाडू एखाद-दुसरा उप कप्पा पोहण्याला, एक शाईच्या बचतीला असं अगदी मोजूनमापून वाटतात. तीन वजनाचा एक कप्पा नको त्या अ‍ॅबिलिटीनं भरला की सगळं गणित कोलमडतं, आणि नेमका तोच कप्पा नशिबाच्या हाती.

नशिबाच्या हाती, पण पूर्ण नाही. इथे ब्रँड येतो. खेळातल्या प्रत्येक कपड्याला खोटा-खोटा ब्रँड आहे आणि बहुतेक ब्रँडना एक आवडती आणि एक नावडती अ‍ॅबिलिटी आहे. टाकोरोका या ब्रँडच्या कपड्यांना खास हत्यार लवकर भरण्याची अ‍ॅबिलिटी जास्त लागते, आणि मेल्यावर त्या हत्याराची भरलेली पातळी राखण्याची कमी. झेकोचं बरोबर उलटं. क्राक-ऑनचे बूट पोहण्याकडे झुकलेले, रॉकनबर्ग पळण्याकडे. आणि रॉकनबर्गवर पोहण्याची अ‍ॅबिलिटी मिळणं महाकठीण. आवडतीचं वजन 10, नावडतीचं 1, बाकी बाराजणींचं प्रत्येकी 2. बेरीज 35. म्हणजे आवडती निघण्याची शक्यता साधारण 28.6 टक्के, नावडतीची 2.9, बाकीच्यांची 5.7. कोणताच कल नसलेले ब्रँडही आहेत. तिथे सगळ्यांना सारखंच, 7.1 टक्के.

हे आकडे कागदावर बघताना काहीच वाटत नाही. तीन कप्पे एकाच अ‍ॅबिलिटीनं भरायचे ठरवले की त्यांना दात फुटतात. आवडती असेल तर साधारण 43 कपड्यांत एकदा ते जमतं. कल नसलेल्या ब्रँडमध्ये 2,744 मध्ये एकदा. कल असलेल्या ब्रँडमध्ये मधल्या बारांपैकी एखादी हवी असेल तर सुमारे 5,359 मध्ये एकदा. आणि नावडती तीनदा हवी असेल तर 42,875 मध्ये एकदा. एवढा जन्म कुणाकडे आहे?

म्हणून खेळानं दुसरा रस्ता ठेवलाय. मर्च नावाचा एक समुद्री काटेरी पोरगा चौकात बसलेला असतो. त्याला पैसे दिले की तो कपड्यावरच्या उप अ‍ॅबिलिटी घासून काढतो आणि त्यांचे तुकडे तुमच्या हातात ठेवतो. तुकडे साठवून तुम्हाला हवी ती अ‍ॅबिलिटी स्वतः बसवता येते. पहिल्या कप्प्याला 10 तुकडे, त्याच अ‍ॅबिलिटीच्या दुसऱ्याला 20, तिसऱ्याला 30. एका कपड्यावर एकच अ‍ॅबिलिटी तिन्ही जागी हवी तर साठ तुकडे. म्हणजे नशीब साथ देत नसलं तरी घाम गाळून तिथेच पोचता येतं, आणि घाम किती गाळायचा ते आधी माहीत असतं. वर, आवडत्या अ‍ॅबिलिटीचे तुकडे हवे असतील तर त्या ब्रँडचे कपडे घालून खेळायचं हे शेंबडं पोरही शिकतं. मला ही रचना फार शहाणी वाटते. नशीब ठेवलं, पण त्याच्याशी तोंडओळख करून दिली.

आमच्या खेळातही वजनांचा तक्ता होता, फक्त तो कुणाला दिसत नव्हता. माझं काम तो तक्ता आणि प्रत्यक्षात निघणाऱ्या वस्तू यांचा मेळ बसतो का ते पाहणं. हातानं खेळून हे तपासता येत नाही. सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमरकडून एक छोटी स्क्रिप्ट लिहून घेतली आणि संध्याकाळी निघताना ती लावून द्यायला लागले. ती रात्रभर लाखो वस्तू काढायची आणि कोणती अ‍ॅबिलिटी किती वेळा निघाली ते मोजून ठेवायची. सकाळी मी काय-वर्ग चाचणी लावायची. अपेक्षित संख्या आणि प्रत्यक्ष संख्या यांतल्या फरकाचा वर्ग करायचा, अपेक्षित संख्येनं भागायचं, सगळ्यांची बेरीज घ्यायची. चौदा अ‍ॅबिलिटी आमच्याकडेही होत्या, म्हणून स्वातंत्र्य अंश तेरा, आणि पाच टक्क्यांच्या पातळीला कोष्टकातला आकडा 22.36. बेरीज त्याच्या वर गेली की संशय. कॉलेजात हे कोष्टक मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. तेच पगाराचं साधन होईल असं वाटलं नव्हतं.

या चाचणीचा एक खोडकरपणा आहे, तो टेस्टिंगमधल्या मुलांना पटवून देणं अवघड जातं. तक्ता अगदी निर्दोष असला तरी पाच टक्क्यांच्या पातळीला वीस वेळांतून सरासरी एकदा ती लाल दिवा लावणारच. त्यामुळे एकदा लाल दिसलं की बोंब मारायची नाही, पुन्हा चालवायचं. पुन्हा लाल, तिसऱ्यांदा लाल, आणि दर वेळी त्याच त्या चार अ‍ॅबिलिटी वर, तेव्हा मात्र उठून प्रोग्रॅमरच्या टेबलाशी जायचं.

अशी एक वेळ आली. कल नसलेल्या वस्तूंच्या एका गटात यादीतल्या पहिल्या चार अ‍ॅबिलिटी सतत किंचित जास्त निघत होत्या. प्रोग्रॅमरनं मान वर न करता म्हटलं, “अगं, एवढ्याशा फरकानं कोण मरतंय?” मग त्यानंच कोड उघडला आणि पाच मिनिटांत हसायला लागला. कुणीतरी जागा वाचवायला दैवयोगाच्या संख्येतला एकच बाइट घेतला होता. एका बाइटमध्ये 0 ते 255 अशा 256 संख्या. निघालेल्या संख्येला चौदानं भागून उरलेली बाकी म्हणजे अ‍ॅबिलिटीचा क्रमांक. पण चौदा अठरे दोनशे बावन्न. वर चार उरतात. ते चार पहिल्या चौघींच्या पदरात पडतात. त्यांना 256 मध्ये 19 संधी, बाकी दहाजणींना 18. साडेपाच टक्क्यांनी झुकतं माप, आणि तेही कुणी ठरवून दिलेलं नाही. मोठी संख्या घेऊन भागलं की हा फरक नगण्य होतो, किंवा वरच्या चार संख्या आल्या तर टाकून पुन्हा काढायची. दुपारपर्यंत दुरुस्ती झाली.

खेळाडूंच्या तक्रारींत यातलं काहीही नव्हतं. साडेपाच टक्क्यांचा फरक माणसाला जाणवतच नाही. ज्याला माणूस छळ समजतो तो निव्वळ दैवयोग असतो. पस्तिसात एक अशी शक्यता असलेली गोष्ट पस्तीस वेळा प्रयत्न केल्यावर मिळेलच असं प्रत्येकाला आतून वाटतं. प्रत्यक्षात पस्तीस प्रयत्नांनंतरही शंभरातल्या छत्तीस जणांचे हात रिकामे असतात. शंभर प्रयत्नांनंतरही साडेपाच जणांचे. खेळाडू एक लाख असतील तर साडेपाच हजार माणसं शंभरदा प्रयत्न करून उपाशी, आणि त्यांच्यापैकी प्रत्येकाकडे की-बोर्ड असतो. तक्ता कितीही चोख ठेवा, ही पत्रं येणारच.

माझा मामा वर्षानुवर्षं महाराष्ट्र राज्य लॉटरीचं तिकीट घेतो. माझं काम त्याला कळलं तेव्हा त्यानं एकच प्रश्न विचारला, “अगं, गेल्या खेपेला शेवटी सात आला होता, म्हणजे आता सात यायचा नाही ना?” मी म्हटलं, “मामा, तिकिटाला गेल्या खेपेचं काही आठवत नसतं.” त्याला ते मुळीच पटलं नाही. एवढी शिकून ही पोरगी असं कसं म्हणते, असा चेहरा करून तो चहा प्यायला गेला. त्याचं चुकतं असं मी मनातसुद्धा म्हणत नाही. त्या परदेशी कंपनीतल्या आमच्या डिझाइनरचंही तेच म्हणणं होतं, फक्त इंग्रजीत.

‘सिव्हिलायझेशन’ या खेळमालिकेचे जनक सिड मायर यांनी 2010 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समधल्या भाषणात खेळाडूंच्या अशाच समजुतींबद्दल सांगितलं होतं. लढाईत तीनास एक असं पारडं आपल्या बाजूनं जड दाखवलं असताना हरलं की खेळाडूंना ती फसवणूक वाटते. तेच पारडं विरुद्ध बाजूनं जड असताना ते स्वतः जिंकले तर कुणी तक्रार करत नाही. शेवटी त्यांनी हिशेबच खेळाडूच्या भावनेकडे थोडा वळवला. आमचा डिझाइनर त्या भाषणाचा भक्त होता. संध्याकाळच्या कॉलवर, त्याच्याकडे सकाळ असायची तेव्हा, त्यानं आमच्या गिअरसाठी तसाच उपाय मांडला: हवी ती अ‍ॅबिलिटी जितक्या वेळा हुकेल तितकी पुढच्या वेळची शक्यता वाढवत न्यायची, मिळाली की पुन्हा खाली आणायची.

ही युक्ती जुनी आहे. ‘वॉरक्राफ्ट 3’ मध्ये होती, पुढे ‘डोटा 2’ नं उचलली. तिथे 25 टक्के लिहिलेल्या फटक्याची पहिल्या वाराला खरी शक्यता साडेआठ टक्क्यांच्या आसपास असते. वार हुकत गेला की ती दर वेळी तेवढ्यानंच वाढते, आणि एकूण सरासरी पंचवीसच येते. लागोपाठ खूप हुकणं आणि लागोपाठ खूप लागणं, दोन्ही टोकं कापली जातात. गणित म्हणून देखणं आहे. मी त्याच्या बाजूनं होते. माझा वाद दुसऱ्याच गोष्टीवर होता. माझं म्हणणं, हे खेळाडूंना सांगा. पडद्यावर एक छोटी पट्टी दाखवा, ती भरत जाते ते दिसू द्या.

त्याचा नकार मूर्खपणाचा नव्हता, हे कबूल करायला हवं. नियम माहीत झाला की खेळाडू त्याचा फायदा उठवतात. ‘डोटा’मधले तयारीचे लोक आधी किरकोळ सैनिकांवर वार करून हुकलेले वार साठवतात आणि मग खऱ्या शत्रूकडे वळतात. आमच्या खेळातही लोकांनी फालतू टोप्यांवर दुर्दैव खर्चून मग महागडा सदरा उघडला असता. त्यावर माझं उत्तर होतं की प्रत्येक वस्तूची पट्टी वेगळी ठेवा. ते करायला सर्व्हरवर जास्त जागा लागते, असं उत्तर आलं. प्रत्येक वस्तूला स्वतःची आठवण देणं इतकं का अवघड असावं, ते मला आजही नीट पटलेलं नाही. ‘स्प्लॅटून’मध्ये प्रत्येक कपड्याचा स्वतःचा सीड असतो, म्हणजे दैवयोगाच्या आकड्यांची साखळी जिथून सुरू होते ती संख्या. पत्ते आधीच पिसून त्या कपड्याच्या खिशात ठेवलेले असावेत, तसं. पुढे कोणता आकडा निघणार ते ठरलेलंच असतं. हट्टी खेळाडूंनी कोड उकलून हे शोधून काढलं आणि पुढचं पान आधीच वाचायच्या तरकिबीही शोधल्या. जग बुडालं नाही.

मग 2024 च्या शेवटी जे झालं त्यानं आमच्या मीटिंगांचा रंग बदलला. ‘डेस्टिनी 2’ हा बंजी कंपनीचा शूटर. त्यातल्या हत्यारांना रकान्यांत पर्क, म्हणजे तिथल्या अ‍ॅबिलिटी, येतात, प्रत्येक रकान्यातून एक दैवयोगानं. त्या ऑक्टोबरमध्ये ‘व्हेस्पर्स होस्ट’ नावाची मोहीम आली आणि तिथल्या एका ग्रेनेड लाँचरवर दोन विशिष्ट पर्कची जोडी सगळ्यांना हवी होती. ती निघेचना. लोकांनी आधी नशिबाला बोल लावला, नंतर कंपनीला. कंपनीनं सांगितलं की आम्ही कोणत्याही पर्कला मुद्दाम जड-हलकं केलेलं नाही. पण खेळाडू थांबले नाहीत. जगभरच्या लोकांच्या हत्यारांच्या नोंदी एकत्र करून त्यांनी जोड्यांचे तक्ते मांडले. प्रत्येक पर्क सुटा मोजला तर ठीक. जोडी मोजली की मात्र तिरपे पट्टे दिसत होते. यादीत एकमेकांपासून ठरावीक अंतरावर असलेल्या पर्कच्या जोड्या भरपूर, काही अंतरांवरच्या जवळपास गायब. नोव्हेंबरमध्ये कंपनीनं मान्य केलं की दैवयोग काढणाऱ्या कोडमध्येच दोष आहे, आणि पुढे तो बदलला.

मी त्या आठवड्यात घरी ते तक्ते उघडून बघत बसायचे. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला याहून सुंदर उदाहरण मिळायचं नाही. खेळांतला संगणक सहसा खरा दैवयोग वापरत नाही. तो एका संख्येवरून पुढची संख्या सूत्रानं काढतो. सूत्र कच्चं असेल आणि दोन रकान्यांचे आकडे एकमेकांच्या शेजारच्या सीडवरून काढले, तर दोन्ही आकडे एकमेकांकडे बघून निघतात. प्रत्येक रकाना एकटा तपासला तर साळसूद. बरोबर ठेवले की दोघांचं साटंलोटं उघडं पडतं. माझ्या त्या काय-वर्ग चाचणीला सुटा रकाना दिला असता तर तिनं हिरवा दिवा दाखवला असता. आणि कंपनी खोटं बोलत नव्हती, खेळाडूही चुकत नव्हते. माप झुकलेलं होतं, फक्त ते झुकवणारा हात कुणाचाच नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात आमच्या क्लायंटकडून निरोप आला, जोड्या तपासा. मी तोवर चौदा गुणिले चौदा, एकशे शहाण्णव घरांचा तक्ता तयारच ठेवला होता. स्क्रिप्ट रात्रभर, मग आणखी एक रात्र. काहीही सापडलं नाही. सगळी घरं शिस्तीत. तसा अहवाल पाठवला आणि मजा म्हणजे तो कुणाला पटेना. तिकडच्या मॅनेजरनं पुन्हा करायला सांगितलं. पुन्हा तेच. एरवी दोष सापडला की लोक नाराज होतात; या वेळी न सापडल्यानं झाले.

या सगळ्यात मला जे खुपत राहिलं ते कोडाच्या दोषाचं नाही. मुद्दाम लपवलेल्या झुकावाचं आहे. कोरियातलं प्रकरण गेम उद्योगातल्या सगळ्यांना माहीत आहे. नेक्सॉनच्या ‘मेपलस्टोरी’त पैसे देऊन क्यूब घ्यायचा आणि वस्तूवरच्या अ‍ॅबिलिटी नव्यानं काढायच्या. 2010 मध्ये क्यूब आला तेव्हा सगळ्या अ‍ॅबिलिटींची शक्यता सारखी होती. नंतर लोकांना आवडणाऱ्या अ‍ॅबिलिटींची शक्यता गुपचूप कमी केली गेली, काही जोड्यांची तर शून्य. लोक वर्षानुवर्षं शून्यावर पैसे लावत राहिले. जानेवारी 2024 मध्ये कोरियाच्या व्यापार आयोगानं कंपनीला साडेअकरा अब्ज वॉनहून जास्त दंड केला आणि त्याच वर्षीच्या मार्चपासून तिथे अशा शक्यता जाहीर करणं कायद्यानं बंधनकारक झालं. चीननं हे 2017 मध्येच केलं होतं.

‘स्प्लॅटून’चं मापही सपाट नाही. एका अ‍ॅबिलिटीला दुसरीच्या दहापट वजन. तरी तिथे कुणी फसल्याची भावना घेऊन उठत नाही. एक तर त्या कप्प्यांवर खरे पैसे लागत नाहीत, हे मोठं कारण. पण दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं: कपड्यावर ब्रँड लिहिलेला असतो. फोनवरच्या अ‍ॅपमधल्या दुकानात तर ब्रँडच्या शेजारी त्याच्या आवडत्या अ‍ॅबिलिटीचं चिन्हच असतं. नेमकी वजनं मागाहून खेळाडूंनी उकलून काढली, पण कल कुठे आहे हे लपवलेलं नव्हतं. मी झेकोची टोपी घातली आणि नको ते निघालं तर चरफडते, पण माझीच निवड होती हे मला ठाऊक असतं. सपाट पण झाकलेल्या तक्त्यापेक्षा तिरका पण उघडा तक्ता मला कधीही चालेल. आमच्या तक्त्यात तर कपटही नव्हतं, तो सरळच होता. ते कुणाला कळायचा मार्ग नव्हता एवढंच.

ती हुकत जाईल तशी वाढणारी शक्यता शेवटी खेळात आली. पट्टी आली नाही. तक्रारी कमी झाल्या, पण त्यांची जागा तोडग्यांनी घेतली. काहीतरी वाढतंय हे लोकांना जाणवत होतं, काय ते कळत नव्हतं. मग कुणी म्हणे, वस्तू उघडण्याआधी सामना हरायला हवा. कुणी म्हणे, मध्यरात्रीनंतर उघडायची. एका गटाचा ठाम विश्वास होता की लॉबीतल्या कारंज्याजवळ उभं राहून उघडलं की चांगलं निघतं. ते कारंजं आमच्याच मजल्यावरच्या एका मुलीनं रंगवलेलं. तिनं ते वाचून आपल्या टेबलावर अगरबत्ती लावायची धमकी दिली. तोडगे वाचून मी हसले, आणि त्यांचीही वर्गवारी केली. नव्या शीर्षकाखाली. लीडनं विचारलं, “हा बग कसला?” मी म्हटलं, “बग नाही, पण पट्टी नसल्याची किंमत आहे. मोजून ठेवते.”

आता मी टेस्टिंगमधून डिझाइनकडे सरकले आहे. नवा शूटर आहे, क्लायंट वेगळा, करार तसाच. दैवयोगानं ठरणाऱ्या प्रत्येक गोष्टीच्या तक्त्यात मी एक रकाना वाढवला आहे: खेळाडूला हे कुठे दिसतं. क्लायंटनं निम्म्या ओळींत ‘कुठेच नाही’ असं भरून पाठवलंय. बुटांच्या ओळीवर मी कोरियाच्या दंडाची बातमी जोडून परत पाठवली; तिथे उत्तर बदलून ‘दुकानात’ असं आलं. टोप्यांवर अजून ओढाताण चालू आहे, आणि सदऱ्यांबद्दलची मीटिंग पुढच्या गुरुवारी आहे.